मर्यादवेल

आमच्या घरच्या जुन्या खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा दिल्या आहेत. पूर्वेस पाणंद, उत्तरेस व्हाळ, दक्षिणेस भाऊबंदांची माडाची बाग, आणि पश्चिमेस समुद्र. लहानपणी हे खत आजोबांच्या पेटीत गुंडाळलेलं पाहिलं होतं. वकिलीची सनद घेतल्यावर ते पहिल्यांदा नीट वाचलं आणि ‘पश्चिमेस समुद्र’ या दोन शब्दांशी अडले. पाणंद आहे तिथे असते, बाग आहे तिथे असते. समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो. मग आमची जमीन संपते कुठे?

मामाला विचारलं. मामा मालवणकडचा रापणकर. चाळीस-पन्नास माणसांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा एक वाटेकरी. त्याने मला पुळणीवर नेलं आणि वाळूवर पसरलेल्या, जांभळ्या फुलांच्या वेलीकडे पायाने खूण केली. पानं मधोमध चिरलेली, शेळीच्या खुरासारखी. “ही मर्यादवेल. दर्यो हेच्यापुढे येणा नाय गो बाय. इलोच कधी, तर वेलीक सांगान येता.”

पुढची तीसेक वर्षं मी जी कामं केली, त्यांतली निम्मी या एका वाक्याभोवती फिरली. आमच्या धंद्याला आता ‘पर्यावरणाची वकिली’ म्हणतात. मी सुरू केलं तेव्हा हायकोर्टाच्या बार रूममध्ये आम्हाला ‘झाडंवाले’ म्हणत, आणि आम्ही किनाऱ्याचं काम करणारे तर झाडांच्याही पलीकडचे. किनाऱ्याच्या कायद्याचा इतिहास लिहायला बसलं की कलमं आठवतात, पण खरा तो एका रेघेचा इतिहास आहे. ती रेघ कुठे ओढायची, कोणी ओढायची, आणि ओढल्यावर तिला कोण ढकलत नेतं.

मुंबईत तर ही रेघ सरकवणं हाच दोन-अडीचशे वर्षं शहराचा मुख्य उद्योग होता. आमच्या हायकोर्टाची इमारत १८७८ साली उभी राहिली तेव्हा तिचं तोंड समुद्राकडे होतं. आज पश्चिमेच्या गॅलरीत उभं राहिलं की ओव्हलवरचं क्रिकेट दिसतं आणि त्यामागे इमारतींची रांग. समुद्र अंदाजाने मानायचा. १९२० मध्ये सरकारने विकास खातं काढून बॅकबेचा मोठा भराव हाती घेतला. गव्हर्नर लॉइड यांचा तो लाडका प्रकल्प. बेत होता ११४५ एकर जमीन काढायचा. ड्रेजरने बंदरातला गाळ उपसून भिंतीच्या आत ओतायचा आणि तो भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जायचा, असं बराच काळ चाललं. शेवटी ४४० एकरांच्या आसपास जमीन हाती आली आणि खर्चाचा आकडा मात्र फुगत गेला. लोक त्याला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले.

हा गैरव्यवहार वेशीवर टांगला खुर्शेद फ्रामजी नरीमन या वकिलाने. त्यांनी खात्यावर उघड आरोप केले, हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्यात नरीमन निर्दोष सुटले. किनाऱ्यासाठी कोर्टाची पायरी चढलेला मुंबईतला पहिला मोठा वकील म्हणून मी त्यांचं नाव घेते खरं, पण हातचं राखून. नरीमन यांचा राग उधळपट्टीवर होता. समुद्र बुजवणं चूक आहे असं त्यांच्या मनातही आलं नसावं. त्या काळात कोणाच्याच आलं नाही. पुढे त्याच उपसागरात आणखी भराव पडला आणि त्यावर उभ्या राहिलेल्या भागाला नाव दिलं नरीमन पॉइंट. या शहराची कृतज्ञता बरेचदा अशी तिरकी निघते.

रेघ पहिल्यांदा कागदावर आली ती एका पत्रात. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं, की भरतीचं पाणी जास्तीत जास्त जिथवर येतं तिथपासून किमान ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवा. पत्राला कायद्याचं बळ नव्हतं. मुख्यमंत्र्यांनी ते फायलीत लावलं. बळ आलं दहा वर्षांनी. भोपाळनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम ३ वापरून केंद्राने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. सगळे तिला ‘सीआरझेड’ म्हणतात, मासे विकणाऱ्या बायकाही. तिने किनाऱ्याचे चार वर्ग केले. पहिल्यात खाजण, कांदळवन, प्रवाळ आणि भरती-ओहोटीमधली जागा. दुसऱ्यात आधीच बांधून झालेली शहरं. तिसऱ्यात गावं, जिथे पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही. चौथ्यात बेटं.

आणि हे सगळं मोजायचं कुठून? भरतीरेषेपासून. अधिसूचनेतली व्याख्या वाचली आणि मी पुळणीवरच्या दुपारी परत गेले. उधाणाच्या वेळी सर्वांत मोठी भरती जिथवर पोचते ती रेघ. म्हणजे दिल्लीत बसलेल्या मसुदेकाराने इंग्रजीत जे लिहिलं, ते आमच्या भाषेने एका वेलीच्या नावात आधीच लिहून ठेवलं होतं. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, भांग अष्टमीच्या आसपासचं. भांगाच्या दिवशी मोजणी केली तर रेघ खाली समुद्राकडे सरकते आणि मालकाला जमीन मिळते. हे गणित हॉटेलवाल्यांच्या सल्लागारांना आमच्या आधी समजलं होतं.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रकरणात तेच झालं. गावाचं आणि हॉटेलचं नाव इथे नको. बांधकामाची भिंत पुळणीवर आली म्हणून रापणकरांच्या संस्थेने अर्ज केला होता. हॉटेलने दाखल केलेल्या नकाशात भरतीरेषा जिथे दाखवली होती, तिथे पावसाळ्यात मामाच्या गळ्याइतकं पाणी असतं. माझ्या सीनियर वकिलांनी मला सांगितलं, “पंचांग बघ, उधाणाचा दिवस काढ, आणि मोजणीदाराला घेऊन त्याच दिवशी तिथे उभी राहा.”

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. मोजणीदार, तलाठी, हॉटेलचा इंजिनियर, संस्थेचे चेअरमन आणि मी. दुपारी साडेबाराच्या भरतीला पाणी चढलं, पायातल्या चपला भिजल्या म्हणून इंजिनियर मागे सरकला, आणि पाणी त्याच्या नकाशातल्या रेघेवरून कितीतरी पुढे निघून गेलं. ओसरलं तेव्हा वाळूवर कचऱ्याची एक लांब वळणदार ओळ राहिली. वाळलेलं शेवाळ, करवंट्या, थर्माकोलचे तुकडे, एक निळी स्लीपर. ती ओळ भिंतीला जवळजवळ टेकलेली. तिच्यावर दोन पावलांवर मर्यादवेल सुरू होत होती. मोजणीदाराने टेप लावायच्या आधी मामा तिथे जाऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून.

आम्ही प्रतिज्ञापत्रात वेलीचा उल्लेख केला. शास्त्रीय नाव लिहिलं, आयपोमिया पेस-काप्री, फोटो जोडले. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, “वेलीला साक्षीला बोलावणार का?” कोर्टात हशा पिकला. न्यायमूर्तींनी हशा ओसरू दिला आणि अधिकृत संस्थेकडून नकाशा नव्याने करून आणण्याचा आदेश दिला. आम्ही जिंकलो असं मला वाटलं. नवा नकाशा यायला अडीच वर्षं लागली, तोवर हॉटेल दोनदा विकलं गेलं होतं. भिंतीचा तीसेक फुटांचा तुकडा पडला, बाकीची अजून उभी आहे.

अशी प्रकरणं आमच्याकडे येऊ लागली त्याला कारण दिल्लीतला एक निकाल. अधिसूचनेने राज्यांना किनारा व्यवस्थापनाचे आराखडे वर्षभरात करायला सांगितले होते. वर्ष गेलं, दुसरं गेलं. उलट १९९४ मध्ये केंद्रानेच नियम सैल केले. नद्या-खाड्यांच्या काठचा १०० मीटरचा पट्टा ५० वर आणला आणि वाटेल तिथे सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. एम. सी. मेहता यांच्या संस्थेने १९९३ सालीच याचिका घातली होती. १८ एप्रिल १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही सवलती रद्द केल्या, राज्यांना आराखड्यांसाठी दरडावलं, आणि अंमलबजावणीच्या तक्रारी त्या त्या उच्च न्यायालयांनी ऐकाव्यात असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तमिळनाडूतले वृद्ध सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर किनारी पट्ट्यातली कोळंबीची तळी मोडण्याचा आदेश झाला. गोव्यात हॉटेलं आमच्या आधी आली, त्यामुळे म्हापशाच्या गोवा फाउंडेशनची माणसं नकाशे वाचायला आमच्या आधी शिकली होती. आम्ही त्यांच्याकडून अर्ज कसा लिहायचा ते उचललं, हे कबूल केलं पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते डहाणू. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राविरुद्धच्या लढाईतून २० जून १९९१ ला सगळा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. नर्गिस इराणींसारख्या तिथल्या बागायतदारांनी ती लढाई स्वतःच्या खिशातून चालवली. १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. हे प्राधिकरण म्हणजे निम्मं कोर्ट, निम्मी चावडी. चिकूवाले, डायमेकर, मच्छीमार, वारली पाड्यांतली माणसं समोर येऊन मराठीत बोलत आणि धर्माधिकारी ते मराठीतच ऐकून घेत. १९९८ मध्ये तालुक्यातल्या वाढवणचं नियोजित बंदर त्यांनी नाकारलं. जानेवारी २०१९ मध्ये धर्माधिकारी गेले. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवणला ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. कायद्याचा कागद तोच. मधल्या पंचवीस वर्षांत बंदर आणखी आत समुद्रात सरकलं, भराव मोठा झाला, आणि समोरच्या खुर्चीतला माणूस बदलला.

कांदळवनाचा खटला त्यामानाने सरळ रेषेत चालला, म्हणजे फक्त चौदा वर्षं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने २००४ साली घातलेल्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ ला हायकोर्टाने राज्यभर तिवरांची तोड थांबवली, भोवतालच्या ५० मीटरमध्ये बांधकाम बंद केलं, आणि सरकारी जमिनीवरचं कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करायला लावलं. अंतिम निकाल आला १७ सप्टेंबर २०१८ ला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, वन खात्यात वेगळा कांदळवन कक्ष झाला. या खटल्यात मी दुय्यम फळीत होते. माझं काम सर्व्हे नंबरांच्या याद्या उपग्रहाच्या नकाशांशी ताडून पाहायचं. डोळे गेले, पण एक शिकले. तिवराला पाय असतात, ते एका जागी उभं असतं, त्याचा सात-बारा निघतो. म्हणून ते वाचवता येतं.

आता त्या प्राण्यांकडे येते, ज्यांचा सात-बारा निघत नाही.

मालवणसमोर १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, मध्ये सिंधुदुर्ग किल्ला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मामा त्याविरुद्धच्या मोर्चात. पुढे मी अभयारण्याच्या बाजूच्या वकिलांत जाऊन बसले, याचा त्याने मला कधी टोमणा मारला नाही. मारला तो वेगळ्या गोष्टीवरून. त्याचं घर समुद्रापासून २०० मीटरच्या आत. पावसात चुलीकडची भिंत खचली, ती चार फूट वाढवून बांधायला काढली तर ग्रामपंचायतीचा कागद आला. “हाटेलासाठी केलेलो कायदो, आणि नोटीस माझ्या चुलीक?” त्या वर्षी गणपतीला गेले तर मामा बोलला फक्त आरतीपुरतं.

अभयारण्याचं दुखणं तेच. किनाऱ्यावरची रेघ आम्ही समुद्रात नेली. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लिहिले आणि चौकोन काढला. चौकोनाच्या आत प्रवाळ होतं, ते जागचं हलत नाही, त्याला चौकोन पुरला. पण डॉल्फिन? किनाऱ्यालगत उथळ पाण्यात फिरणारे कुबडवाले डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेला छोटा भुलगा (जुन्या इंग्रजी प्राणिग्रंथांत त्याचं मराठी नाव असंच नोंदलंय) हे मासळीमागून जातात. सकाळी चौकोनात, दुपारी बाहेर. २०१५ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कुणकेश्वरसमोर संशोधकांना निळे देवमासे दिसले, तेही कुठल्याच चौकोनात नव्हते.

हालणाऱ्या प्राण्याभोवती रेघ कशी ओढायची, याचा सर्वांत धीट प्रयत्न मी वाचला तो अमेरिकेतल्या वकिलांचा. आमचा वन्यजीव संरक्षण कायदा ९ सप्टेंबर १९७२ चा. त्यांचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा २१ ऑक्टोबर १९७२ चा, म्हणजे सहा आठवड्यांनी धाकटा. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर चोचवाले देवमासे एकाच वेळी किनाऱ्याला लागले. तिथे नौदलाचा सराव चालू होता, आणि त्यातल्या सोनारचा आवाज हे कारण असल्याचं पुढे सरकारी चौकशीतही मान्य झालं. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेच्या वकिलांनी, त्यांत जोएल रेनल्ड्स प्रमुख, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या सरावावर अटी मागितल्या. खालच्या कोर्टाने एक अट घातली: जहाजापासून २२०० यार्डांच्या आत सागरी सस्तन प्राणी दिसला की सोनार बंद. सुमारे दोन किलोमीटर. मी तो आदेश दोनदा वाचला. ही रेघ नकाशावर नव्हती. ती देवमाशाबरोबर पोहत होती. १२ नोव्हेंबर २००८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नौदलाच्या बाजूने निकाल दिला आणि ती अट उठवली. खटला गेला, पण कल्पना माझ्या डोक्यातून गेली नाही.

त्याच १९७२ च्या कायद्यात एक कलम होतं. ज्या देशात मासेमारीत सागरी सस्तन प्राणी अमेरिकी मापापेक्षा जास्त मरतात, तिथली मासळी आयात करायची नाही. चार दशकं ते कलम झोपून होतं. २०१४ मध्ये तिथल्या संस्थांनी आपल्याच सरकारवर दावा लावून त्याला जागं केलं. २०१६ मध्ये नियम झाले, मुदती वाढत गेल्या, आणि अखेर १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली. आपल्या कोळंबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. त्यामुळे इथे ज्या कामासाठी कोणी निधी देत नव्हतं, ते काम अचानक निघालं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि भारतीय मत्स्य सर्वेक्षण यांची माणसं देशभर समुद्रात जाऊन देवमासे-डॉल्फिन मोजू लागली. बंदरावर अनोळखी माणूस येऊन तुमच्या जाळ्यात डॉल्फिन किती येतात असं विचारी, तेव्हा आमचे लोक गप्प बसत. का बसणार नाहीत? हो म्हटलं तर गुन्हा, नाही म्हटलं तर खोटं.

याबाबत राज्याने केलेली एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि ती कुठल्याही खटल्यातून आलेली नाही. डिसेंबर २०१८ पासून अशी सोय आहे की जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा किंवा बहिरी मासा सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. मामाच्या मुलाने एकदा कासव सोडलं. जाळं कापायला एक हात, कासव धरायला दुसरा, मग मोबाईल धरणार कोण? खलाशी नवखा होता, त्याने काढलेल्या व्हिडिओत कासवापेक्षा त्याचा स्वतःचा अंगठाच जास्त दिसतो. अर्ज मी भरून दिला. पैसे मिळाले, थोडे कापून. जाळ्याभोवतीची ही रेघ कोणी नकाशावर ओढली नव्हती. जाळं जिथे असेल तिथे ती असते.

डॉल्फिनला कायद्यात माणसासारखं स्थान मिळेल असं क्षणभर वाटलं होतं ते २०१३ मध्ये. चेन्नईजवळ १९९८ साली बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. तरी देशात पुन्हा ठिकठिकाणी डॉल्फिनचे खेळ सुरू करायचे बेत चालले होते. १७ मे २०१३ ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशी केंद्रं नाकारली. त्यात असंही लिहिलं, की डॉल्फिनला ‘मानवेतर व्यक्ती’ समजावं असं काही शास्त्रज्ञ सुचवतात. आमच्याकडे त्याच सुमारास मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी वर्ल्ड’ नावाचं सागरी उद्यान आणायचं घाटत होतं, हजाराहून जास्त एकरांवर. गावांनी जमिनी द्यायला नकार दिला आणि ते तसंच पडून राहिलं. तेव्हाच्या एका गावसभेत एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, की समोर दर्या असताना दर्या बांधायचा कशाला? परिपत्रकाच्या सगळ्या परिच्छेदांपेक्षा मला तो प्रश्न पुरतो.

१९९१ ची अधिसूचना रद्द होईपर्यंत तिच्यात पंचवीसेक वेळा बदल झाले. २०११ मध्ये नवी आली, १८ जानेवारी २०१९ ला आणखी नवी. या शेवटच्या अधिसूचनेत गावं दोन प्रकारची झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे २०० मीटरऐवजी ५० मीटरच मोकळे ठेवायचे. म्हणजे समुद्राने कुठवर यायचं ते आता शिरगणतीवर. २०१९ मध्येच १६ जुलैला वरळीच्या कोळी संस्थांच्या आणि इतरांच्या याचिकांवर हायकोर्टाने मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याची परवानगी रद्द केली. १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश स्थगित केला. पुढे वरळीच्या नाखवांनी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटरवर नेलं, तेही समुद्रात होड्या उभ्या करून, कोर्टाबाहेर.

आणि देवमासा कायद्यासमोर येतो तो बहुधा मेल्यावर. जून २०१५ रेवदंडा, ४२ फुटी निळा देवमासा. जानेवारी २०१६ जुहू. नोव्हेंबर २०२३ गणपतीपुळे, तिथे पिल्लू जिवंत होतं, लोकांनी दोन दिवस बादल्यांनी पाणी ओतलं, बोटीने खोल समुद्रात नेलं. ते जगलं नाही. प्रत्येक वेळी वनपाल येतो, टेप लावतो आणि पंचनामा लिहितो. लांबी, रुंदी, लिंग, किनाऱ्याचं नाव, दोन पंचांच्या सह्या. या कोऱ्या नमुन्यात जिवंत देवमाशासाठी रकाना नाही.

आजोळच्या पडवीत एक मणका होता. देवमाशाचा, पाटाएवढा रुंद, वर्षानुवर्षं बसून गुळगुळीत झालेला. पणजोबांच्या काळी कधीतरी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा, एवढंच सगळ्यांना माहीत. आजी त्यावर बसून मासे निवडायची, मी त्यावर बसून पाढे म्हटले. २००३ साली सरकारने वन्यप्राण्यांच्या अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. त्या १८० दिवसांत मी तीन अशिलांचे अर्ज भरले, हस्तिदंताच्या पेट्या, सांबराची शिंगं, आणि स्वतःच्या आजोळचा मणका मला आठवलाच नाही. आठवला तो पुढे कित्येक वर्षांनी, मामाच्या नातवाने त्यावर बसलेला फोटो फेसबुकवर टाकला तेव्हा.

मी वन खात्याला पत्र लिहिलं. वनरक्षक मोटारसायकलवरून आला, बरोबर गोणपाट घेऊन. मामी आधी चहा घ्या म्हणाली. तो मणक्यावरच बसून चहा प्यायला, मग उठून त्याने टेप काढला. पंच म्हणून मामा आणि शेजारचा. वर्णनाच्या रकान्यात काय लिहू, असं त्याने मला विचारलं. मी ‘जुना, अस्थी, उत्पत्ती अज्ञात’ वगैरे सांगत होते, तेवढ्यात मामा म्हणाला, “बसूक बरो, असा लिव.”

त्याने लिहिलं: एक नग, बसण्यायोग्य. मामाने सही केली, शेजाऱ्याने अंगठा केला, आणि वनरक्षकाने मणका गोणपाटात घालून मोटारसायकलला मागे दोरीने आवळला. पडवीत तो होता तिथे शेणाने न सारवलेलं गोल राहिलं होतं. मामीने संध्याकाळी ते सारवलं.